येतानाची चाल

देवळाली गाव, नाशिक रोड
१२ जून १९९४

चि. ललित यास,

आशीर्वाद लिहितो आहे. हवे असले तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे.

तू मडगावला सुखरूप पोचलास हे डिकॉस्टा मास्तरांच्या पुतण्याच्या कार्डावरून कळलं. बापाला दोन ओळी खरडायला तुझ्या हाताला काय झालं होतं ते तुलाच ठाऊक. आईच्या तेराव्याला, पानं वाढलेली असताना, तू सॅक्सोफोनची पेटी उचललीस आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालास, "आबा, आईला पोचवून येताना तुम्ही वरात वाजवलीत. आजपासून तुमचा-माझा संबंध संपला." भाऊबंदांना तेच हवं होतं. ढोल आणि पखवाज ज्यांना एकच वाटतो, त्यांनीही माना डोलावल्या. तानुबाई आत्या तर अजून दारावरून जाते आणि ओरडते, "बायको मेली आन् ह्यो लगीन वाजवीत आला!"

तिचं सोड, तिला काय कळतं? पण तुला कळायला हवं होतं. डिकॉस्टा मास्तरांकडे तू माझ्याबरोबर जात होतास. मिलिटरी बँडमधून रिटायर झालेला तो माणूस, देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांत जॅझच्या तबकड्या घेऊन बसायचा. त्यांनी पहिल्यांदा काय शिकवलं, आठवतं? मला म्हणाले होते, "वाळू, जॅझ हॉटेलात नाही जन्मला. रस्त्यात जन्मला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स म्हणून गाव आहे, तिथे तुझ्यासारखेच बँडवाले. मयताला जाताना संथ चाल, मातीत ठेवून येताना उडती चाल. जातानाची मेलेल्यासाठी, येतानाची जिवंतांसाठी."

एकोणनव्वद साली मास्तर गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आपण दोन्ही चाली वाजवल्या. तू चौदा वर्षांचा होतास. कब्रस्तानातून येताना सॅक्सोफोनवर तीन ठिकाणी चुकलास तरी हसत होतास. पाद्रीबाबासुद्धा पायाने ठेका धरत होते. त्या दिवशी घरी आल्यावर तुझी आई माझा पितळी कॉर्नेट चिंचेने घासत बसली होती. ती म्हणाली, "माझ्या टायमाला बी आशीच वाजवा. लोकं रडत घरी जायला नको."

मी शब्द पाळला, एवढंच केलं. लोक कडुलिंबाचा पाला चघळत, मागे न बघता चालले होते, आणि मी कॉर्नेट तोंडाला लावला. आपल्या बँडमधल्या भिकाने ढोलावर साथ दिली. बाकीच्यांनी वाद्यं उचलली नाहीत आणि तू तर वाटेतच उभा राहिलास.

ती निमोनियाने गेली. निमोनियापुढे कोणाचं काय चालतं? त्याचा दोष माझ्या माथी मारू नकोस.

तुझा,
आबा

९ नोव्हेंबर १९९७

चि. ललित,

दिवाळी होऊन गेली. तुझं पत्र नाही. तीन वर्षांत मी अकरा लिहिली, तुझं एकही नाही. मास्तरांचा पुतण्या मात्र कार्ड टाकतो. म्हणतो, तू हॉटेलात वाजवतोस, गोरे लोक समोर जेवत असतात. चांगलं आहे. आपल्याकडे लोक आधी जेवतात आणि मग बँडवाल्याला आठवतात.

इकडची हकिकत अशी की आपल्या बँडमध्ये कीबोर्ड आला. सुनील म्हणून एक पोरगा आहे, एका बोटाने सनई वाजवतो, दुसऱ्या बोटाने व्हायोलिन. त्याच्यापुढे माझे तीन क्लॅरिनेटवाले उभे राहतात ते नुसते ड्रेस दाखवायला. लोकांना बेंजो पार्टी हवी असते. मी सुनीलवर रागावत नाही. मास्तरांनी मला जॅझ शिकवला तो दशकं मोजून, आणि प्रत्येक दशकात आधीच्यांनी पुढच्यांना शिव्याच घातल्या होत्या.

तुला ते सगळं तोंडपाठ होतं. पहिल्यांदा रस्त्यावरचा बँड. मग तिसाच्या सालात स्विंग. मास्तर सांगायचे, "स्विंग म्हणजे झोका. ठोक्यावर पाय पडला तर ती कवायत, किंचित मागे पडला तर झोका." मी तरणा होतो तेव्हा माझ्या छातीत असा दम होता की देवळाली गावच्या वेशीपासून मुक्तिधाम मंदिरापर्यंत एका सुरात वरात झुलवायचो. मग चाळिसात बीबॉप आला. भराभर, वेडावाकडा. त्यात लोकांनी नाचायचं नसतं, बसून ऐकायचं. मी एकदा हौसेने एका वरातीत वाजवला, तर नवरदेवाचा मामा पुढे येऊन विचारतो, "बँडवाले, बाजा बिघडला का?" तुझी आई ही गोष्ट सांगून सांगून हसायची.

आणि मग पन्नासातला कूल. कमी वाजवायचं, मधे थांबायचं, सुरापेक्षा थांबणं मोठं. एक्क्याण्णवपासून मी तसाच वाजवायला लागलो. भिका म्हणाला, वाळूदादा म्हातारा झाला. तू मात्र म्हणालास, "आबा, तुम्ही थांबता ना, तेव्हा जास्त ऐकू येतं." सोळा वर्षांच्या पोराने असं म्हणावं! मी मनात म्हटलं, मास्तरांचा खरा शिष्य हा. मग खिडकी लावून, शेजारी कटकट करतात म्हणून, तू माझ्यासमोर बसायचास आणि मी तुला थांबायला शिकवायचो. रोज दोन तास. त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

थंडी पडली आहे. मला थोडा खोकला आहे. नाशिकच्या थंडीत सगळ्यांनाच असतो.

पत्र टाक. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

आबा

३ मार्च २००२

चि. ललित,

बँड मोडला. पाडव्याला पूजा करायचो ती वाद्यं आता पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. ढोलाचं चामडं उंदरांनी खाल्लं. लग्नाला डीजे येतो. ट्रकवर दोन भिंती उभ्या करतात आणि छाती धडधडेल असा आवाज सोडतात. वाजवणारा कोणी नसतोच, एक पोरगं टोपी उलटी घालून बटणं दाबत असतं. मास्तर असते तर म्हणाले असते, हे पुढचं दशक, ऐकून तर घे. मी ऐकलं. मला काही सापडलं नाही.

भिका आता नामपूरच्या एका अडत्याची कांद्याची गाडी चालवतो. इतकी वर्षं ढोल बडवलेल्या हाताला स्टेअरिंग हलकं लागतं म्हणतो. छाया, तुझ्या मामाची मुलगी, मला दोन वेळचा डबा देते. मी बारीक झालो आहे. ती म्हणते दवाखान्यात चला. मी म्हटलं, शक्तीच्या गोळ्या चालू आहेत.

एक मागणं आहे. आजवर कधी मागितलं नाही. मी गेलो की जातानाची चाल भिका ढोलावर धरेल, ती सोपी आहे. येतानाची मात्र तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. मला भाऊबंद नकोत, पिंड नको, कावळा नको. रागात वाजवलीस तरी चालेल, पण तू वाजव. मी त्याच एका गोष्टीवर जगतो आहे.

आबा

१७ जानेवारी २००४

ललित,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. बस आणि शेवटपर्यंत वाच. मग फाडून टाक.

भिका परवा गोव्याहून आला. मडगावच्या मार्केटात कांदा उतरवून तो तुझं हॉटेल शोधत गेला होता. आत सोडलं नाही म्हणून कुंपणाशी उभं राहून ऐकलं त्याने. मला येऊन सांगतो, डोळ्यांत पाणी, "वाळूदादा, डिट्टो तुझ्यावानी वाजवतंय रे पोरगं! दोन सूर सोडतंय, थांबतंय. पुन्यांदा दोन सूर, पुन्यांदा थांबतंय. लोकं लय टाळ्या वाजवत्यात. आन् मधीच पाठ फिरवून रुमाल लावतंय तोंडाला, घाम पुसतंय वाटतं. पर लय वाळलंय रं. मी इचारलं तर बोलला, काय नाय, घसा बसलाय."

भिकाला वाटलं मला आनंद होईल.

ललित, ती स्टाइल नाही.

ती कधीच स्टाइल नव्हती. एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यात मला खोकल्यातून रक्त पडलं. जेलरोडला एका डॉक्टरकडे, कोणाला न सांगता गेलो. त्याने छातीचा फोटो काढला. क्षय. नऊ महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही आणि तोंडाने काही वाजवायचं नाही. मला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. कॉर्नेट वाजवणाऱ्याला क्षय आहे म्हटल्यावर त्याला सुपारी कोण देईल? लग्नघरचे लोक दारात उभं करणार नाहीत. आपली माणसं पेला वेगळा ठेवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, तुळशीचं लग्न लागलं, हंगाम सुरू झाला, आणि मी गोळ्या सोडल्या.

खोकला परत आला. आता लांब सूर धरता येईना. दोन सूर झाले की श्वास संपायचा. लोक बघत असायचे. तेव्हा मला मास्तरांचा कूल आठवला. मी थांबायला लागलो आणि चेहरा असा ठेवला की जणू ठरवून थांबतो आहे. पहिल्यांदा मी लोकांना फसवलं. मग तू म्हणालास, आबा तुम्ही थांबता तेव्हा जास्त ऐकू येतं, आणि त्या दिवसापासून मी स्वतःलाही फसवलं. मला बरं वाटलं रे. इतकं बरं वाटलं की मी तुला समोर बसवून, खिडकी लावून, रोज दोन तास तेच शिकवलं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आता सांगतो, हा रोग पेल्यातून, पिपाणीतून येत नाही, हवेतून येतो. बंद खोलीत, समोर बसून. म्हणजे मी तुला कूल शिकवत होतो तेव्हा आणखी काय देत होतो ते आता तूच समज.

तुझी आईही त्याच खोलीत असायची, चुलीपाशी.

तिला निमोनिया नव्हता. मी तुला खोटं सांगितलं, भाऊबंदांना खोटं सांगितलं. त्र्याण्णवच्या दिवाळीत ती खोकायला लागली. ते काय आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, घरात आणखी कोणाला आहे? म्हणून मी नेलं नाही. अडुळशाचा काढा दिला, मध दिला, सुंठ दिली. चार महिने. हंगाम चांगला चालला होता. शेवटी रक्त पडलं तेव्हा नेलं, आणि डॉक्टर म्हणाला, इतके दिवस काय करत होता?

तू मला येतानाच्या चालीसाठी सोडलंस. मी दहा वर्षं तुझ्याशी त्या चालीवरून भांडलो, कारण ते भांडण सोपं होतं. त्यात मी खरा होतो. आता तेही सांगतो. तिने ते हसत म्हटलं होतं, कॉर्नेट घासता घासता. त्या दिवशी मला तिचा शब्द आठवला हे खरं, पण मी वाजवलं ते त्यासाठी नाही. चितेपासून चाळीस पावलं आलो आणि मी सगळ्यांसमोर ओरडणार होतो, मी मारली, मी मारली म्हणून. तोंडात पितळ असलं की तोंडातून दुसरं काही बाहेर येत नाही. मी कॉर्नेट लावला आणि सापडली ती चाल वाजवली.

हे सगळं वरातीमागून घोडं आहे, मला माहीत आहे. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मला एकच हवं आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जा. छातीचा फोटो काढ. थुंकी तपासून घे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. तुझ्या बायकोला, मोहिनीला, बरोबर ने, तिलाही तपासून घे. हो, लग्न झालेलं कळलं मला, भिकाने सांगितलं. खोलीची खिडकी उघडी ठेव. हॉटेलवाल्याला कळलं तर काढून टाकेल, हे मनात आलं ना, की तुझ्या आईला आठव.

आबा

२ फेब्रुवारी २००४

ललित,

भिका पुन्हा कांदा घेऊन निघाला आहे. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे त्याच्या हाती देतो. आधीचं मिळालं नसेल तर एवढंच वाच: तुझा घसा बसलेला नाही. तुला क्षय असू शकतो. तो मी दिला आहे. फोटो काढ.

भिकाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैनी गेली तवा मी ढोल धरला तुझ्यासंगं. मला सांगायचं तरी." आणि माझा चहा न घेता गेला.

फोटो काढ.

आबा

२१ मार्च २००४

चि. ललित,

काल तुझं पाकीट आलं. मोठं, खाकी. दहा वर्षांत तुझ्या हातचा पत्ता पहिल्यांदा बघितला. आत पत्र नव्हतं, छातीचा फोटो होता. कोपऱ्यात तुझं नाव आणि वय, अठ्ठावीस. मी तो खिडकीवर धरला. त्याच खिडकीवर. तुझ्या बरगड्या मोजल्या. उजवीकडे वरच्या बाजूला ढग दिसला. माझाही तिथेच होता, म्हणून मला लगेच दिसला.

छायाला घेऊन दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, लवकर सापडलं, सहा महिन्यांत पूर्ण बरा होईल, एकही गोळी चुकवायची नाही. मग त्यांनी विचारलं, हा कोण तुमचा? मी म्हटलं, मुलगा. त्यांनी माझ्या फोटोशेजारी तुझा फोटो लावला. माझ्यावर आता कुठलीच गोळी चालत नाही. अर्धवट सोडलेल्या औषधाचं असंच होतं. मेहुण्याने नाही, शेजाऱ्याने नाही, मीच केलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

पाकिटाच्या मागे तू पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिली, "गोळ्या सुरू केल्या. मोहिनीला काही नाही." ती मी छायाकडून तीनदा वाचून घेतली. माझा चष्मा ठीक आहे, पण ऐकायचं होतं.

दुसरी, "आईला माहीत होतं का?"

होतं.

ब्याण्णव साली कॉर्नेटच्या पेटीत, मखमलीखाली, तिला माझ्या उरलेल्या गोळ्या सापडल्या. तिने विचारलं, मी म्हटलं, शक्तीच्या. ती त्या पदरात बांधून औषधवाल्याकडे गेली आणि विचारून आली. हे मला तिने सांगितलं ते शेवटच्या आठवड्यात. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी लपिवलं म्हंजी मी बी लपिवलं. तुमचा बाजा गेला आसता तर तुमी कसं ऱ्हायला आसता?" एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला जगायला जरा सोपं गेलं असतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता माझं मागणं, आधीचं रद्द करून नवं.

दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की येतानाची चाल तू वाजव. मी त्याच एका गोष्टीवर जगतो म्हणालो होतो, आणि ते खरं होतं. ती वाजवू नकोस. माझी वेळ फार लांब नाही, तुझे सहा महिने त्याआधी संपणार नाहीत. सॅक्सोफोन पेटीत ठेव, कुलूप लाव, किल्ली मोहिनीकडे दे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक फुंकरही मारू नकोस. भिकालाही सांगितलं आहे, तो परवा आला होता. जाताना ढोल नको, काहीच नको. तानुबाई आत्याला शेवटी एकदा शांतता ऐकू दे.

तुला यायचं असलं तर ये. नाही आलास तरी गोळ्या चुकवू नकोस, त्या येण्यापेक्षा मोठ्या आहेत. आलास तर मला पोचव, आणि परत येताना नुसता चाल. हळू चाल. दम लागला तर थांब.

आणि कोणी विचारलं की का थांबलास, तर दम लागलाय म्हणून सांग.

तुझा,
आबा